वेबसाइटच्या बिलावर सही करण्याआधी

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या नगरपालिका, पंचायत समित्या, सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, महाविद्यालयं आणि दवाखाने यांच्या वेबसाइटची बिलं मंजूर करणारे अधिकारी आणि पदाधिकारी यांस

विषय : वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते की नाही, हे बिल काढण्याआधी तपासून घेण्याबाबत

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलांना हे पत्र लिहिलेलं नाही. त्यांना जेवढं सांगितलं जातं तेवढं ती करतात. आणि सांगितलं जातं ते साधारण असं असतं : वर संस्थेचा लोगो फिरता हवा, त्याखाली चेअरमनसाहेबांचा फोटो, त्याखाली संचालक मंडळ, आणि पंधरा ऑगस्टच्या आत काम झालं पाहिजे. मग सभागृहात मोठ्या पडद्यावर वेबसाइट दाखवतात, सगळे ‘छान झालीय’ म्हणतात, उद्घाटनाची कळ दाबली जाते आणि बिल निघतं. न दिसणारा, ऐकू न येणारा किंवा हात नीट न चालणारा माणूस त्या सभागृहात बसलेला मी अजून ऐकला नाही. काम सांगणारे तुम्ही आणि पैसे देणारे तुम्ही, म्हणून पत्र तुम्हाला.

मी मिरजेचा. जन्मापासून दिसत नाही. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या अंध मुलांना बहुधा हीच नोकरी मिळायची, कारण बोर्ड कानाने आणि बोटांनी चालायचा. ते बोर्ड गेले, मीही निवृत्त झालो. आता बँक, पेन्शन, वीजबिल, दवाखान्याची वेळ घेणं हे सगळं लॅपटॉपवर नाहीतर मोबाइलवर करतो, आणि आसपासच्या गावांतली दृष्टिहीन मुलं कुठल्या अर्जात अडली की मला फोन करतात. पुढचं सगळं त्याच अनुभवातून. संस्थांची नावं घेणार नाही. घ्यायला लागलो तर पत्र आटोपणार नाही, आणि ज्यांचं नाव राहून जाईल ते उगाच खूश होतील.

‘दिसत नाही तर कॉम्प्युटर कसा चालवता?’ हा प्रश्न मला चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी विचारलाय, म्हणून आधी तेवढं सांगतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक असतं. कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोघा दृष्टिहीन तरुणांनी ते बनवलं, २००६ पासून ते चालू आहे आणि फुकट मिळतं. मी माउसला हात लावत नाही. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर जातो, बी दाबलं की पुढच्या बटणावर, एफ दाबलं की अर्जातल्या पुढच्या रकान्यावर. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो तसंच हे, फक्त बोटांनी. मात्र त्यासाठी बनवणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक आणि बटणाला बटण म्हणून लिहिलेलं असावं लागतं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली तर ते तुम्हाला शीर्षक दिसतं, माझ्यासाठी तो मधलाच कुठला तरी मजकूर असतो. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही, पानामागचं लिखाण वाचतो. सगळा घोळ इथे आहे.

आता एक अर्ज भरू. पहिल्या रकान्यात गेलो : ‘एडिट, ब्लँक.’ दुसऱ्यात गेलो : ‘एडिट, ब्लँक.’ तिसऱ्यात तेच. तुम्हाला रकान्याच्या शेजारी ‘वडिलांचे नाव’ लिहिलेलं दिसतं. पण ते शब्द आणि तो रकाना एकमेकांना आतून जोडलेले नाहीत, त्यामुळे मला कळतच नाही की इथे वडिलांचं नाव घालायचं की आधार क्रमांक. हे जोडायला एका ओळीचं काम लागतं. मग येते जन्मतारीख. तिथे हाताने तारीख लिहिता येत नाही, कॅलेंडर उघडतं, आणि ते फक्त माउसने चालतं. कसंतरी खाली आलो की कॅप्चा. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, ते ओळखा आणि आपण माणूस असल्याचं सिद्ध करा. ऐकून ओळखायची सोय असलीच तर गोंगाटात कुणीतरी परदेशी उच्चारात आकडे बोलतं. ते लावेपर्यंत वेळ संपतो, ‘सेशन एक्स्पायर्ड’, आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. वेळ वाढवून मागायची सोय देता येते, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत तसं लिहिलेलंही आहे. पण तसं कुणी सांगितलेलंच नसतं.

अर्ज पाठवला आणि काही चुकलं असेल तर चुकलेल्या रकान्याभोवती लाल चौकट येते. कुठलाही शब्द नाही, फक्त लाल. माझ्यासाठी पान तसंच गप्प. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखता येणारे बरेच पुरुष आपल्यात असतात, त्यांचीही तीच गत.

अशा वेळी आम्ही काय करतो, हे तुम्ही कधी विचारलंय का? आम्ही कुणालातरी बोलावतो. शेजारचा मुलगा, नेट कॅफेवाला, सेवा केंद्रातला ऑपरेटर. त्याला पासवर्ड सांगतो, ओटीपी वाचून घेतो, खात्यात किती आहेत तेही तोच सांगतो. माझी शिल्लक आमच्या गल्लीतल्या बारावीच्या मुलाला ठाऊक आहे आणि माझ्या बायकोला नाही, आता बोला. हसण्यावारी नेता येतं, कारण मुलगा चांगला आहे. पण मिरजेत ज्या माणसाला आजाराची तपासणी करायचीय आणि घरच्यांना कळू द्यायचं नाही, त्याने वेळ कुणाकडून घ्यावी? नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला निघालेल्या अंध बाईने तो अर्ज कुणाच्या हातून भरावा? एकीकडे बँका ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असे मेसेज रोज पाठवतात आणि दुसरीकडे ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय व्यवहारच होणार नाही अशी पानं बनवून ठेवतात. फसवणूक झालीच तर ‘तुम्हीच दिलात की’ म्हणून हात वर.

फोटोंबद्दल एक गंमत सांगतो. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे अल्ट टेक्स्ट, दिलेला नसला आणि त्या चित्रावर लिंक असली की स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचतो. त्यामुळे एका संस्थेचे मा. अध्यक्ष माझ्या घरात ‘डीएससी झिरो झिरो फोर सेव्हन डॉट जेपीजी’ या नावाने ओळखले जातात. अध्यक्षांच्या फोटोवाचून माझं काही अडत नाही. पण व्याजदरांचा तक्ता चित्र म्हणून चढवलेला असतो, कारखान्याच्या ऊसबिलाचं पत्रक चित्र असतं, परीक्षेचं वेळापत्रक चित्र असतं.

आणि पुराचे आकडे. सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा आणि २०२१ ला पुन्हा, आम्ही सगळे तासातासाला एकच विचारत होतो : किती झालं? कोयनेतून किती क्युसेक सोडलं? अलमट्टीतून किती जातंय? ती माहिती फिरत होती ती चित्राच्या रूपात. छान रंगीत चौकट, वर बोधचिन्ह, मधे आकडे. माझा फोन म्हणायचा : ‘फोटो.’ पुढचा मेसेज : ‘फोटो.’ आकडे कुणीतरी आधी टाइप केले असणारच. मग त्यांचं चित्र केलं आणि मूळ आकडे टाकून दिले. चित्राखाली ‘आयर्विन, सकाळी आठ, ४३ फूट’ एवढी ओळ टाकायला किती वेळ लागतो? पुरात घर कधी सोडायचं हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवं, कारण त्याला निघायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यालाच ते सर्वांत शेवटी कळतं. हे नावापुरतं वेबसाइटमध्ये येत नाही म्हणाल. पण चित्र बनवून सोडून द्यायची सवय तीच, आणि ती सवय लावणारी माणसंही तीच.

आता खास आपल्या मराठी कारभाराची गोष्ट, कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत ती सापडत नाही. परिपत्रक कॉम्प्युटरवर टाइप होतं. मग त्याची प्रिंट निघते. साहेब सही करतात, शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. मग तोच कागद स्कॅनरवर ठेवतात, जरा तिरकाच, आणि त्याची पीडीएफ वेबसाइटवर चढते. जो मजकूर सकाळी यंत्राला वाचता येत होता तो संध्याकाळपर्यंत फोटो होऊन बसतो. त्यात शोधता येत नाही, कॉपी होत नाही, मोबाइलवर मोठा केला की पान इकडेतिकडे पळतं. डोळस माणसालाही त्याचा त्रासच आहे, फक्त तो करवादतो आणि वाचतो. सहीचा कागद हवा तर जरूर जोडा, पण शेजारी मूळ मजकूर साध्या पानावर टाका. नाहीतर पीडीएफवर डिजिटल सही करा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने तिला केव्हाच मान्यता दिली आहे.

दुसरं दुखणं फॉन्टचं. डीटीपीच्या जमान्यातले जुने फॉन्ट अजून कितीतरी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत चालतात. त्यांत मराठी फक्त दिसायला असते. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चुरा भरलेला असतो, त्याला मराठीचं सोंग दिलेलं असतं. स्क्रीन रीडर तो चुरा वाचतो. नोकरभरतीची जाहिरात या आवाजात एकदा ऐका म्हणजे कळेल. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीत, टाइप केलेलं असलं की हा प्रश्नच येत नाही. कळफलक बदलायला कारकून कुरकुर करतो, ती दोन-तीन आठवडे. मग कुणाला जुनं आठवत नाही.

तिसरी गोष्ट इतकी बारीक आहे की सांगायला लाज वाटते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्या पानाची भाषा आतून नोंदवायची असते. तयार साच्यावरून केलेल्या मराठी वेबसाइटवर ती ‘इंग्रजी’ अशीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं चक्क गाळून पुढे जातात. पानभर मराठीतून मला ऐकू येतं : ‘२०२४, २०२५, पीडीएफ.’ दोन अक्षरांची दुरुस्ती.

मी माझ्या बाजूचं जास्त सांगतोय, ते मला ठाऊक असलेलं म्हणून. इतरांचं थोडक्यात, पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. ऐकू न येणाऱ्याला तुमच्या माहितीच्या व्हिडिओखाली मजकूर लागतो, आणि ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ या ओळीचा काही उपयोग नसतो. तिथे मेसेज किंवा ईमेल स्वीकारणारा माणूस हवा. ज्याचे हात थरथरतात त्याला मोबाइलवरची तांदळाएवढी बटणं दाबता येत नाहीत, आणि ज्याला माउस धरता येत नाही त्याला सगळं टॅब आणि एंटरवर चालावं लागतं. हे तुम्ही आत्ता स्वतः करून बघू शकता. माउस बाजूला ठेवा, आपल्या संस्थेची वेबसाइट उघडा आणि नुसती टॅब कळ दाबत तक्रार अर्जापर्यंत जाऊन दाखवा. आपण पानावर नेमके कुठे आहोत हे मधेच दिसेनासं झालं, तर तिथेच तो माणूसही अडकतो. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक लागतो, मानकाप्रमाणे साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १. हळदीची पेठ म्हणून वेबसाइट हळदी रंगाची करण्याची हौस मी समजू शकतो. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं साठीनंतर कुणालाही वाचता येत नाहीत, आणि तुमच्या ठेवीदारांचं वय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे सगळे दोष सांगलीचेच आहेत असं नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुख्य पानं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील असे दोष निघाले. आणि दरवर्षी तेच : फिकट अक्षरं, चित्राला मजकूर नसणं, रकान्याला नाव नसणं, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं, भाषेची नोंद नसणं. यातल्या कशालाच मोठी विद्या लागत नाही. लागतो तो सांगणारा माणूस.

कायद्याचं सांगतो, कारण फाइलवर टिपणी लिहायला ते लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना लागू होतं, सरकारी असोत की खासगी. नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी, करायची होती. नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच उलटली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. ‘मानकं ही फक्त मार्गदर्शक आहेत’ असा बचाव बरीच वर्षं चालला. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं : कायदा बंधनकारक आणि नियम मात्र शिफारशीपुरता, हे चालणार नाही; केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे जळालेल्या स्त्रियांना बँकेच्या केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर ‘डोळे मिचकावा’ सांगितलं जात होतं. पापण्याच नाहीत तर मिचकावणार काय? त्यांच्या आणि एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या अर्जांवर न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पाठोपाठ वीस निर्देश दिले. बँकवाल्यांनी ११ ऑक्टोबर २०२४ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रकही काढून ठेवावं; डिजिटल पेमेंटच्या यंत्रणा दिव्यांगांना वापरता येतात का, याचा आढावा घ्यायला त्यात सांगितलंय.

‘आमच्याकडे अंध ग्राहक नाहीतच.’ हे वाक्य मी इतक्या चांगल्या माणसांकडून ऐकलंय की राग येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. ती मोजणी जुन्या कायद्याच्या काळातली, मोजके प्रकार धरून झालेली. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. तेव्हा माणसं आहेत. तुमच्या वेबसाइटवर ती नसतील, तर का नाहीत ते वर लिहिलं.

खर्चाचं मात्र खरं बोलू. पूर्ण झालेली वेबसाइट नंतर सुधारायला पैसे लागतात, घर रंगवून झाल्यावर भिंत फोडून वायरिंग करावी तसे. सुरुवातीलाच सांगितलं तर फार थोडे लागतात. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची वेबसाइट वाचता येत नाही म्हणून ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध गृहस्थांनी तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजकांचं म्हणणं, हे करायला वर्षाहून जास्त वेळ आणि लाखो डॉलर जातील. मॅग्वायरांच्या बाजूचे जाणकार म्हणाले, चार आठवडे पुरतात. आयोगाने जाणकारांचं ऐकलं. वेबसाइट तरीही वेळेत पुरती दुरुस्त झाली नाही आणि आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. पंचवीस वर्षं होऊन गेली. ‘फार खर्च येतो हो’ हे मात्र अजून तसंच ऐकू येतं.

नगरपालिकांसाठी एक वेगळी सूचना. हा खर्च दिव्यांगांच्या पाच टक्के निधीतून टाकू नका. तो निधी आमचा आहे, वेबसाइट तुमची.

आणि कुणी तुम्हाला स्वस्तातला उपाय विकायला येईल. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह, त्यावर क्लिक केलं की अक्षर लहान-मोठं, रंग उलटे, ‘आता साइट शंभर टक्के सुगम्य’. ते घेऊ नका. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून असते, आणि न जोडलेला रकाना त्या चिन्हाने जोडला जात नाही; उलट कधीकधी माझ्या स्क्रीन रीडरच्या मधे ते लुडबुडतं. असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दहा लाख डॉलर भरायला लावले.

मग करायचं काय? निविदेत आणि कार्यादेशात लिहायचं. ‘वेबसाइट दिव्यांगस्नेही असावी’ असं गुळमुळीत नको, त्यातून कुणीही सुटतो. वेबसाइट आणि अ‍ॅप डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या एए (मधल्या) पातळीप्रमाणे आणि भारतीय मानक आयएस १७८०२ प्रमाणे असावं, असं नावानिशी लिहा. सरकारी वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही नियमावलीही त्याच पातळीला धरून आहे. नंतर नागरिक किंवा ग्राहक तिथे नेमकी कोणती कामं करायला येतात ती लिहा : घरपट्टी भरणं, दाखला मागणं, खातं उघडणं, प्रवेश अर्ज, डॉक्टरांची वेळ. ही कामं एका स्क्रीन रीडर वापरणाऱ्या, एका माउस न वापरणाऱ्या आणि एका कमी दिसणाऱ्या माणसाने, कुणाच्याही मदतीशिवाय, सुरुवातीपासून पावतीपर्यंत पूर्ण केली तरच शेवटचा हप्ता मिळेल. रस्त्याच्या कामात तुम्ही दोषदायित्वापोटी रक्कम राखून ठेवता, इथेही ठेवा. ठेकेदार आपोआप शिकतो. मी हे पत्र बिलावर सही करणाऱ्यांना का लिहिलं, ते इथे कळेल : कायद्यातल्या दहा हजारांच्या दंडाला कुणी घाबरत नाही, पण अडकलेलं बिल माणसाला झोपू देत नाही.

वेबसाइट सुरू झाल्यावरचंही बघा. पहिल्या दिवशी नीट असलेली वेबसाइट बिघडवतो तो रोज सूचना चढवणारा आपलाच माणूस. त्याचा दोष नाही, त्याला ‘फाइल चढव’ एवढंच सांगितलेलं असतं. वार्षिक देखभालीच्या करारात त्याचं प्रशिक्षण घाला : स्कॅन चढवायचा नाही, युनिकोडमध्ये लिहायचं, चित्राखाली एक ओळ लिहायची, आणि लिंकेला ‘येथे क्लिक करा’ नाव द्यायचं नाही. मी पानावरच्या सगळ्या लिंका एकत्र काढून ऐकतो. त्यात वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू आलं की कुठली घरपट्टीची आणि कुठली टेंडरची, हे देवालाच ठाऊक. ‘घरपट्टी भरा’ म्हणा की सरळ.

जिल्ह्यात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प लागतातच. त्यांच्याकडून पहिली, यंत्राने होणारी तपासणी करून घेता येईल. पण यंत्राला चित्राला मजकूर आहे की नाही एवढंच कळतं. तो मजकूर ‘फोटो १’ आहे की ‘आयर्विन पुलाची पाणीपातळी’ आहे, हे माणसानेच ऐकावं लागतं.

अशी ऐकणारी माणसं इथे आहेत. बँकांत, शाळांत नोकरी करणारी, कॉलेजात शिकणारी, माझ्यासारखी घरी बसलेली. तपासायला बोलवाल तेव्हा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोलवू नका, दुरुस्तीला वेळ राहील असं बोलवा. अर्जाची चाचणी प्रत आणि ओटीपी येईल असा एक नंबर तयार ठेवा. वेबसाइट करणाऱ्या मुलाला शेजारी बसवा आणि तास-दोन तास त्याला बोलू देऊ नका. ‘सर, खाली उजवीकडे निळं बटण आहे ना’ हे त्याने म्हणायचं नाही, फक्त बघायचं. काय अडलं ते आम्ही लिहून देऊ, युनिकोडमध्ये. आणि या कामाचं मानधन कार्यादेशातच ठरवून ठेवा, बाकी सल्लागारांना देता तसं. शाल-श्रीफळ नको, घरात शाली खूप झाल्यात.

आपला,
मिरजेतला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर